रुळांआधीची वसाहत

रेल्वे आणि जमीन यांच्या संबंधाविषयी जगभर मान्य असलेला सिद्धान्त असा की, ओसाड मुलखात आधी रूळ टाकावेत, मग रुळांच्या आधाराने माणसे वस्तीला येतात, शेती पिकते, बाजार भरतात आणि यथावकाश रेल्वेचा खर्चही भरून निघतो. कॅनडाच्या सरकारने १८८१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन देऊन हाच सिद्धान्त अमलात आणला. ठाणे जिल्ह्याने या सिद्धान्तात केलेल्या सुधारणेची दखल मात्र अर्थशास्त्राने अद्याप घेतलेली नाही. या जिल्ह्यात वसाहत होण्यासाठी रेल्वेची घोषणा पुरते, आणि घोषणेला भूसंपादन लागत नसल्यामुळे ही जगातील सर्वांत स्वस्त रेल्वे ठरते.

या सुधारणेचा अभ्यास करण्यास ठाण्याच्या टेंभी नाक्याइतकी सोयीची जागा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी जेथे येऊन थांबली, ते ठाणे स्थानक येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जिल्ह्याचे राजकारण शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्या काळापासून याच नाक्यावरच्या आनंदाश्रमाभोवती फिरत आले आहे. आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाला मंडपाआधी नेत्यांच्या छबी असलेल्या कमानींचे दर्शन घडते. या कमानींवरील व फलकांवरील भाषेला स्वतःचे एक शास्त्र आहे. त्यात ‘मंजूर’ म्हणजे प्रकल्पाचे नाव एका कागदावर आले, ‘मार्गी लागला’ म्हणजे ते दुसऱ्या कागदावर गेले आणि ‘युद्धपातळीवर’ म्हणजे निवडणूक जवळ आली, असे समजावे. प्रत्यक्ष गाडी सुरू झाल्याचे सांगणारा शब्द या शास्त्रात क्वचितच लागतो.

कल्याण-मुरबाड लोहमार्ग हे या शास्त्राचे उत्तम उदाहरण होय. उल्हासनगरमार्गे जाणाऱ्या सुमारे २८ किलोमीटरच्या या मार्गाला २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात स्थान मिळाले आणि त्याचा निम्मा खर्च उचलण्याची तयारी राज्य सरकारने २०२३ मध्ये दर्शवली. ठाण्यास पोहोचलेली रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला गेली आणि १८६५ पर्यंत बोर व थळ हे दोन्ही घाट ओलांडून देशावर पोहोचली. कल्याणच्या पूर्वेकडील मुरबाड तेवढे वाट पाहत राहिले. वास्तविक हा प्रदेश दळणवळणास नवखा नाही. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरास जात असे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असे परंपरा सांगते. सातवाहनांना ‘सविस्तर प्रकल्प अहवाल’, म्हणजे मार्ग कोठून न्यावा आणि त्यास किती खर्च यावा याचा जाडजूड ग्रंथ, ठाऊक नसल्यामुळेच त्यांच्या हातून हा घाट बांधून झाला असावा.

सरकारांमधील वाद नेहमी खर्चाचा असतो. रेल्वे खात्याने नव्या मार्गांसाठी दीर्घकाळ १४ टक्के परताव्याचा निकष बाळगला, म्हणजे गुंतवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे वर्षाला चौदा रुपये सुटतील असा मार्ग किफायतशीर मानला. ग्रामीण भागातील मार्ग या निकषात बसत नाही, कारण तेथे पुरेशी वस्ती नसते. वस्ती नसते, कारण तेथे रेल्वे नसते. या पेचातून सुटण्यासाठी केंद्राने राज्याकडे निम्मा वाटा मागण्याची प्रथा पडली, राज्याने वाटा कबूल केला की केंद्राने पुढचा कागद हाती घेण्याची प्रथा पडली, आणि तोवर प्रकल्प जिवंत आहे हे दाखवण्यासाठी काही मार्गांच्या नावापुढे अर्थसंकल्पात एक हजार रुपये इतकी प्रतीकात्मक तरतूद लिहिण्याचीही प्रथा पडली. एक हजार रुपयांत एक स्लीपरही येत नाही, हा आक्षेप मात्र अरसिकपणाचा आहे. बारशाच्या पाकिटातल्या रकमेत कोणी बाळाचे शिक्षण मोजत नाही.

खरी गंमत जमिनीची आहे आणि तिच्याकडे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीचा बाजारभाव ठरवण्याची एक रीत अशी की, मागील तीन वर्षांत आसपास झालेल्या खरेदीखतांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढावी. ग्रामीण भागात त्या भावाला दोनपर्यंतच्या गुणकाने गुणता येते आणि वर तितकीच दिलासा रक्कम द्यावी लागते. आता रेल्वेची घोषणा झाली की मुरबाड रस्त्यावर ‘नियोजित स्थानकापासून दहा मिनिटांवर’ असे फलक उभे राहतात, गुंठ्यांचे भाव चढतात (चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो, हे जाहिरातीत सांगत नाहीत), चढ्या भावाची खरेदीखते नोंदली जातात, त्या खतांनी मोबदला वाढतो, मोबदल्याने प्रकल्पाचा खर्च वाढतो, खर्चाने परताव्याचा दर घसरतो, घसरलेल्या दरामुळे फेरसर्वेक्षण करावे लागते आणि फेरसर्वेक्षण ही पुन्हा एक घोषणा असते. लोहमार्गाविना केवळ कागदाच्या जोरावर फिरणारे हे चक्र ज्याने योजले त्याचे नाव इतिहासाने जपलेले नाही, पण त्याच्याकडे भूखंड असावेत असे मानण्यास जागा आहे.

शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंदी घातली होती. तरीही एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतच राहिले आणि पुढे ‘गुंठेवारी’ नियमित करण्यासाठी सरकारला निराळा कायदा करावा लागला. म्हणजे आधी वस्ती, मग तिला परवानगी, मग पाणी, आणि रेल्वे सर्वांत शेवटी. ठाण्याजवळच्या दिवा गावातली माणसे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरची सत्तावीस गावे या क्रमाशी पूर्ण परिचित आहेत. ही गावे तर महापालिकेत आली, गेली आणि पुन्हा आली. या खेळात सातबाऱ्यावरून ज्याचे नाव उतरले तो ठाकूर किंवा कातकरी आदिवासी कोणत्या फलकावर दिसत नाही, आणि रोज रस्त्याने कल्याण गाठणारा मुरबाडकरही दिसत नाही.

गाडी केव्हा येईल, या प्रश्नाचे उत्तर त्रैराशिकाने काढता येते. ठाणे आणि दिवा यांदरम्यानची सुमारे साडेनऊ किलोमीटरची पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्याच वेगाने २८ किलोमीटरला एक्केचाळीस वर्षे लागतात, म्हणजे मुरबाडला पहिली गाडी २०५७ च्या सुमारास पोहोचावी. या हिशेबावर आशावादी मंडळी बीडचा दाखला देतील. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला गाडी पोहोचली, हे खरेच आहे, आणि तेथून परळी उरलेली होती, हेही खरे आहे. शिवाय मुरबाडची गाडी आली तरी ती कल्याणला येणार, आणि कल्याणच्या पुढे सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवण्यास जागा कोठून येणार, याचा विचार कोणत्याही फलकावर केलेला आढळत नाही.

तोवर ज्यांना मुरबाडला जायचे आहे त्यांनी कल्याणला उतरून एसटी धरावी. ज्यांना तेथे भूखंड घ्यायचा आहे त्यांनी विक्रेत्याला गाडीची वेळ विचारू नये. सातबाऱ्यावर आपले नाव चढेल काय, एवढेच तलाठ्याला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.