फेब्रुवारीचे तीनशे रुपये

कामगाराच्या पगारातूनच कौशल्य-प्रशिक्षणाचा खर्च भागवावा, ही कल्पना अन्यत्र नवी वाटत असली, तरी महाराष्ट्राने पगारकपात फार पूर्वीच अमलात आणली. फक्त त्यातून कौशल्य वगळण्याची खबरदारी घेतली. १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर, म्हणजे पगार हाती पडण्यापूर्वीच मालकाने कापून सरकारजमा करावयाची रक्कम, रोजगार हमी योजनेसाठी बसवण्यात आला आणि ती योजना ग्रामीण भागातील अकुशल अंगमेहनतीच्या कामांसाठी होती. त्यामुळे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कुशल टर्नर दूरच्या दुष्काळी तालुक्यातील खडी फोडण्याची तजवीज करू लागला (यात गैर काहीच नाही), मात्र नवे यंत्र शिकण्याची फी त्याच्याच उरलेल्या पगारावर सोडण्यात आली. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाकाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली असून, दरमहा २०० रुपयांनी ती गाठता येत नसल्याने उरलेले शंभर रुपये फेब्रुवारीत, म्हणजे वर्षातील सर्वांत तोकड्या महिन्यात, जादा कापले जातात. बदलापूरहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या कारकुनाला सरकारकडून एवढे अंकगणित तरी विनामूल्य शिकता येते. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या ज्या लहान कारखान्यांत नगावर मजुरी मिळते आणि पगारपत्रक नावाची वस्तू कोणी पाहिलेली नसते, तेथे कपातीचा प्रश्नच उद्भवत नाही. शिकाऊ मुलगा कारागिराशेजारी बसून शिलाई शिकतो आणि तोवर मिळणारी अपुरी मजुरी हीच त्याची वर्गणी ठरते, जिची पावती मात्र कोणतेही खाते देत नाही.