तेलीबांध्याचे मुखत्यारअण्णा

तेलीबांध्याच्या तळ्याकाठी, म्हणजे रायपूरकरांच्या मरीन ड्राइव्हवर, सकाळी सहाला फिरता फिरता फोनवर "खसरा नंबर परत सांग" असं ओरडणारे निवृत्त गृहस्थ दिसले, तर ते खुशाल मुखत्यारअण्णा समजावेत. त्या वेळी न्यू जर्सीत आदली रात्र असते आणि पोटभर जेवलेल्या चुलतभावाला वडिलोपार्जित प्लॉटची आठवण येते. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात रुजलेल्या मराठी घरांतली मुलं आधी पुण्याला गेली, मग परदेशी. मागे राहिला तो प्लॉट, काकांचं पेन्शन खातं आणि अण्णा. घरात अण्णांना रिकामटेकडे समजतात. माझ्या मते मात्र परदेशस्थ माणूस इथल्या सरकारदरबारी जेवढा काही उरतो, तेवढा अण्णांच्या प्लास्टिकच्या फाइलीत उरतो. मुखत्यारपत्रावर सही तिकडे वकिलातीत होते. पण कागद भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, हे 1899 च्या कायद्यातलं कलम सही करणाऱ्याच्या गावीही नसतं. अण्णांना लिफाफ्यावरची तारीख पाठ असते. पुण्याची वहिनी "सातबारा पाठवा" म्हणते, तेव्हा इथे बी-1 आणि खसरा निघतो, हे तिला दरवेळी नव्याने समजावण्याचं कामही त्यांचंच.

आता सगळं ऑनलाइन झालंय, मग अण्णा कशाला, असा प्रश्न येतोच. भुइयां पोर्टलवर बी-1 घरबसल्या दिसतो, हे कबूल. पण बँकेचा ओटीपी ज्या जुन्या नंबरवर येतो, ते सिम अण्णांच्या दुसऱ्या फोनात असतं. पूर्वी कचेरी संध्याकाळी बंद झाली की अण्णा सुटत. आता ओटीपीची वेळ न्यू जर्सी ठरवते, आणि तो काही मिनिटांत शिळा होतो म्हणून फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून आंघोळ करावी लागते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मुखत्यारच जमीन गिळतात. गिळतात काही. म्हणूनच नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला 2011 साली ठणकावून सांगावं लागलं. पण अण्णांची भूक जमिनीची नसते, फोनची असते. नामांतरण झालं की चुलतभाऊ दिवाळीपर्यंत गप्प. त्यामुळे "साहब छुट्टी पर हैं" या निरोपात थोडी भर अण्णांच्या पदरची असते, असा मला दाट संशय आहे. आणि एवढी दलाली मी त्यांना माफ करतो.

त्यांच्या आपुलकीला कायद्याचा आधारही आहे. 1872 च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारीही जाते. तेव्हा अण्णा चुलतभावाच्या साखरेची चौकशी करतात, ती अधिकारपदाची काळजी असते. सरकारचं बरं, त्याला पेन्शनर जिवंत असल्याची खात्री वर्षातून एकदा, नोव्हेंबरात लागते. मुलाकडे राहणाऱ्या काकांचा हयातीचा दाखला 2021 पासून चेहरा दाखवून मोबाइलवर काढता येतो, म्हणजे अण्णांचं एक काम तरी कमी व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात त्या सकाळी तळ्याकाठचे लोक वळून बघतात, कारण अण्णा फोनवर हुकूम सोडत असतात, "काका, चष्मा काढा. उजेडाकडे बघा. आता डोळे मिचकवा. अहो, दोन्ही!"