सहलप्रमुख काका

एकत्र कुटुंबात अध्यक्ष कोणीही असो, सहलप्रमुख एकच असतो. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं, त्यामुळे काढूनही टाकता येत नाही. पन्नाशी उलटलेले, खिशात सगळ्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स, गळ्यात तिरपी बॅग आणि तोंडात 'चला, आवरा' हा मंत्र. परभणी-नांदेडकडचे काका असतील तर देवगिरी एक्सप्रेसच्या आरक्षणापासून यांची कारकीर्द सुरू होते, कारण त्या भागाला हैदराबाद कधीच परमुलूख वाटलेलं नाही. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, तिकडची ओढ राहिली. या काकांवर सुशिक्षित भाच्यांचा एक कायमचा आरोप असतो. ज्या शहरात गोवळकोंडा किल्ला आणि सालारजंग संग्रहालय आहे, तिथे हा गृहस्थ घरच्यांना सकाळी बहादूरपुऱ्यातल्या सुधा कार म्युझियममध्ये आणि संध्याकाळी हुसेनसागरच्या काठी लुंबिनी पार्कच्या लेझर शोला नेतो! ही अभिरुची म्हणायची का? माझ्या मते इथे अभिरुचीचा संबंधच नाही. तीन पिढ्यांना एका वेळी, एकाच दिशेला बघायला लावणं ही काकांची खरी विद्या आहे, आणि त्या दृष्टीने त्यांची निवड बिनचूक आहे.

पुरावा म्हणून आधी मोटारीच घ्या. सुधाकर यादव यांनी भंगारातून घडवलेल्या तिथल्या गाड्या बुटाच्या, बर्गरच्या, क्रिकेट बॅटच्या, बिलियर्ड्सच्या टेबलाच्या आणि चक्क कमोडच्या आकाराच्या आहेत, आणि त्या चालतात. इतर मोटार-संग्रहालयांत इंजिनाची ताकद, बनावटीचं साल, कोणत्या संस्थानिकाची गाडी, हे सगळं वाचावं लागतं. मग वाचणारा जावई पुढे राहतो आणि सासूबाई बाकडं शोधतात. बुटाला पाटी लागत नाही. आजी आणि पहिलीतला नातू एकाच क्षणी 'अगोबाई, बूट!' म्हणतात, कमोडपाशी आजोबा मान फिरवतात आणि तरी हळूच वळून बघतात. याच सुधाकररावांची ४१ फूट ७ इंच उंचीची तीनचाकी सायकल २००५ मध्ये गिनीज बुकात गेली. काका ही माहिती अशा थाटात देतात, जणू अर्ज त्यांनीच भरला होता.

लेझर शोची बाजू तर आणखी भक्कम. पाण्याच्या पडद्यावर प्रकाश नाचतो, त्याला भाषा लागत नाही. शिवाय सगळे बसतात. दिवसभर पांगलेलं खानदान एका रांगेत बसलं की काकांना डोकी मोजता येतात, आणि अंधारात कोण रुसलंय तेही दिसत नाही. गोवळकोंड्यावर यातलं काहीच जमत नाही. तिथे तरुण वर बालाहिसारला पोचतात, गुडघेवाले खाली दरवाज्याशी टाळ्यांचा प्रतिध्वनी ऐकत बसतात आणि काका मधल्या पायऱ्यांवर दोन्हीकडे हाका मारत उभे.

यावर भाचे म्हणतील, मुलांच्या पदरात पडलं काय? सालारजंगला गेली असती तर काही शिकली असती. जरूर न्यावं. पण तिथे सगळ्यात मोठी गर्दी कुठे होते ते एकदा पाहावं. शिल्पकार बेन्झोनीने घडवलेली बुरख्यातली रिबेका संगमरवरातून पारदर्शक ओढणी काढल्याचा चमत्कार करून उभी आहे, आणि तास भरत आला की झुंबड उडते ती घड्याळापुढे, कारण आतून एक चिमुकला माणूस येऊन टोले देतो. विद्वान आणि काका, दोघांचेही मोबाईल तेव्हा सारखेच वर असतात. गंमत बघायची भूक सगळ्यांना असते. काका ती उघड कबूल करतात आणि तिचं तिकीट काढतात, इतकंच.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. काका स्वतः काही बघतच नाहीत. मोटारींच्या वेळी ते तिकीट खिडकीवर लहान मुलाचं वय कमी करून सांगण्यात गुंतलेले असतात आणि लेझर सुरू झाला की शोकडे पाठ करून कोणत्या फाटकातून आधी बाहेर पडता येईल ते ताडत असतात. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, 'काय आवडलं हैदराबादेत?', तर काका क्षणभर विचार करतात आणि मनापासून सांगतात, 'एक रिक्षावाला मीटरने आला.'