गट्टूंची मर्जी

बीड जिल्ह्यात घर बांधून झालं की माणूस दोन गोष्टी उरकतो, वास्तुशांत आणि अंगणातले गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. वास्तुशांतीला निदान टॉवेल-टोपी तरी येते. गट्टूंमागचा हिशोब सगळ्यांचा एकच असतो. सडा नको, सारवण नको, चिखल नको, एकदा बसवले की जन्माची कटकट गेली. गावोगावी देवळापुढं, शाळेपुढं, अगदी स्मशानभूमीतही गट्टू आहेत, आणि शेजारी ‘यांच्या निधीतून, यांच्या शुभहस्ते’ असा फलक. दोनेक पावसाळे गेले की जाऊन बघा. फलक ताठ असतो आणि गट्टू वाटेल त्या बाजूला कललेले असतात. पुढाऱ्यांच्या निधीतले, म्हणून असेल.

आमचं गाव माजलगाव तालुक्यातलं. म्हणजे पायाखाली काळी. ऊस लावा, कापूस लावा, जमीन नाही म्हणत नाही. आमचे इवाई पाटोद्याचे, बालाघाटाच्या माथ्यावरचे. त्यांच्या रानात कुदळ मारली की आधी ठिणगी उडते. पण त्यांच्या अंगणातले गट्टू बसवल्या दिवसापासून एका दोरीत आहेत. लेक दिलीय तिथं, म्हणून आम्ही कौतुकच करतो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, ऊन लागलं की आकसून भेगाळते. म्हणजे आषाढात अंगण छाती काढून उभं आणि चैत्रात त्याचं पोट खपाटीला. उपाय नाही असं नाही. काळी खोलवर काढून टाकायची, मुरूम थराथरानं भरून पाणी मारून चोपायचा, त्यावर इंच-दीड इंच वाळू किंवा कच पसरायची, मग गट्टू, आणि कडेनं पक्की पट्टी, नाहीतर सगळे बाहेर पांगतात. आमच्या ठेकेदारानं ‘मुरूम भरपूर टाकलाय’ असं शपथेवर सांगितलं होतं. पहिला गट्टू उचकटला तेव्हा खालून काळीनंच रामराम घातला.

जाडीचंही तसंच. भारतीय मानक 15658 मध्ये नुसत्या पायी चालायच्या जागेला 50 मिलिमीटरचा गट्टू सांगितलाय, हलक्या वाहनांना 60 चा, मध्यम वर्दळीला 80 चा. आपण म्हणतो, अंगणात माणसंच तर चालणार, आणि 50 चे आणतो. कार्तिकात पुतण्या त्यावरून दोन ट्रेलरांचा उसाचा ट्रॅक्टर वळवतो.

गट्टू एकमेकांना धरून राहतात ते फटीतल्या बारीक वाळूमुळं. दोन-चार मिलिमीटरची फट, पण सगळी मदार तिच्यावर. ती वाळू मुंग्या उपसतात. सकाळी उठावं तर प्रत्येक फटीच्या तोंडाशी छोटी ढिगारी. सिंदफणेच्या वाळूवरून इकडं रात्री-अपरात्री काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मुंग्यांना ना लिलाव, ना रॉयल्टी, ना तहसीलदाराच्या पथकाची भीती. आपण कोरडी वाळू पसरून झाडूनं पुन्हा फटीत सारायची, त्यांनी पुन्हा वर आणायची.

रिकाम्या फटीत हराळी येते. तिच्यावर तणनाशक मारायला निघालो की आई दारात उभी. ‘गणपतीच्या दूर्वांवर औषध मारायलास का रे?’ चतुर्थीला अख्खी गल्ली आमच्याकडं दूर्वा खुडायला येते. बाप्पा गेल्यावर उपटायला बसावं, तर तोवर तिनं अशी मुळं धरलेली असतात की ओढली की वाळूच हातात येते.

येणारा-जाणारा मात्र एकच सल्ला देतो, ‘सिमेंटचं पाणी ओतून टाका, जाम होतील.’ जाम होतात हे खरं. मग माती फुगली की एकेक गट्टू हलण्याऐवजी अख्खी लादी तडकून उठते, पाणी मुरत नाही, आणि काढायला घण लागतो. सुटा काढून पुन्हा बसवता येतो हीच तर गट्टूची एकमेव भलाई. ती सिमेंटखाली गाडायची आणि वर गट्टूला नावं ठेवायची!

पण गट्टू काढून पुन्हा बसवायला माणूस पाहिजे. पाऊस सरला, ओल बेतानं उरली की मुहूर्त बरा असतो. पण दिवाळीच्या आगंमागं गड्यांनी उचल घेतलेली असते, आणि गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूर, कर्नाटकात गेलेलं असतं. ते परततं तेव्हा भेगा पडलेल्या असतात आणि लगीनसराई लागलेली असते. म्हणून घरचेच बसलो. पहिला गट्टू निघेपर्यंत दोन पेचकस वाकले, पुढचे भराभर निघाले. बसवताना शेवटचा काही केल्या बसेना, कारण मधल्या काळात शेजारच्या गट्टूंनी बांध कोरावा तशी त्याची जागा कोरली होती.

इवाई आले ते याच गडबडीत. उपसलेल्या काळीच्या ढिगाजवळ उकिडवे बसले, मूठभर माती चोळून पाहिली, वास घेतला. गट्टूंकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

‘इवाई, ही माती टाकून देणार का तुम्ही?’

‘न्या की. आम्हाला मुरूम पाहिजे.’

‘मुरूम? आमच्याकडं दुसरं हायच काय!’

ट्रॉलीला ट्रॉली असं ठरलं. मुरूम खाली करून ट्रॅक्टर रिकामा जाण्याऐवजी आमची काळी घेऊन जाईल, असा चोख व्यवहार. फक्त डिझेलवर बोलणी अडली आहेत. आम्ही मुलीकडचे, तेव्हा जाण्या-येण्याचं आम्हीच बघावं, असं त्यांचं म्हणणं आहे.