ग्रेपकर

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत एक ग्रेपकर असतोच. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर. बाकी सगळीकडे ग्रेपकर. समोर काळा टर्मिनल, आणि माउस असलाच तर शोभेला. एखादी ओळ शोधायला कोणी एकेक फाइल उघडून बघताना दिसलं, की पुरणपोळीला केचप लावणारा माणूस पाहावा तसा त्याचा चेहरा होतो.

"सरक जरा," म्हणत तो तुमच्याच खुर्चीत बसतो. ग्रेप ही मजकुरात शब्द शोधायची आज्ञा. ग्रेप, मायनस आर आय एन. आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत उतर, आय म्हणजे इंग्रजी अक्षर लहान की मोठं ते बघू नकोस, एन म्हणजे ओळीचा क्रमांक सांग. एंटर. हवी ती ओळ हजर!

तुम्ही 'वा' म्हणेपर्यंत तो ग्रेपच्या जन्मकथेत, बेल लॅब्जमध्ये पोचलेला असतो. तिथे ली मॅकमहनला 'फेडरलिस्ट पेपर्स'मधले कुठले लेख कोणाचे ते शब्दांवरून ताडायचं होतं. मजकूर 'ईडी' या एडिटरात मावेना. मग केन थॉम्प्सनने एडिटरातला शोधायचा भाग वेगळा काढून रातोरात ग्रेप हातात दिला. 1973 पासून ग्रेप युनिक्समध्ये आहे. हे सगळं आता कॅन्टीनवाल्यालाही पाठ आहे.

त्याच्या स्वतःच्या संगणकावर मात्र वीजबिल, भाडेकरार, तरुणपणच्या कविता, सगळं एकाच फोल्डरात. "नीट लावायचं कशाला? शोधता येतं ना!" पण बिल पीडीएफ, करार वर्डमध्ये, दोन्हींच्या पोटातलं ग्रेपला सहसा दिसत नाही. सापडतात त्या कविताच. दोष अर्थात फाइलींचा.

नव्या पोराने ग्रेपसारखंच काम करणारा 2016 सालचा रिपग्रेप आणला, तो वेगातही सरस निघाला, तेव्हा ग्रेपकर आठवडाभर गप्प होता. पुढे कळलं, की गिटइग्नोर या 'दुर्लक्ष करा' यादीत नोंदवलेल्या फाइली रिपग्रेप आपणहून वगळतो आणि पोराची हवी ती ओळ नेमकी तिथेच होती. ग्रेपकरने पेढे वाटले.

एकदा सोसायटीने पार्किंगचा जुना ठराव शोधायला त्याला बोलावलं. सगळी इतिवृत्तं वर्डमधून साध्या मजकुरात काढून त्याने 'पार्किंग' शोधलं. काहीच नाही. "असा ठराव झालेलाच नाही," त्याने भर सभेत जाहीर केलं. दोन मजल्यांमधला अबोला तेव्हापासूनचा. नंतर कळलं, इतिवृत्तं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात होती. पडद्यावर मराठी, आत भलतीच चिन्हं.

तेव्हा ग्रेपकरला जरूर बोलवा, चहाही पाजा. फक्त मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, एवढं आधी बघून ठेवा.