राहू दे, मी बघतो

सासरेबुवा मिद्यानहून आले, तेव्हा जावई कामात बुडालेला होता. सासरे म्हणजे इथ्रो, मिद्यानचे याजक. जावई म्हणजे मोशे, ज्याची गोष्ट ज्यूंच्या तोरात, त्यांच्या पाच मूळ धर्मग्रंथांत आहे. इजिप्तच्या राजाला, फारोला नमवून, समुद्र दुभंगवून आपली अख्खी जमात इजिप्तबाहेर काढलेला माणूस. माहेरी राहिलेली मुलगी सिप्पोरा आणि दोन्ही नातू यांना सोबत घेऊन म्हातारा वाळवंट तुडवत आला. पहिला दिवस ख्यालीखुशालीत आणि जेवणात गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, एवढा मोठा पुढारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत एकटाच बसलाय आणि भोवती ही गर्दी!

हे काय चालवलंयस, असं सासऱ्यांनी विचारलं. सगळं स्वतःच करणाऱ्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं, तेच मोशेनं दिलं: लोक माझ्याकडेच येतात, मी काय करू?

इथ्रोंनी मग बजावलं, अशानं तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर चांगली माणसं नेम. लाच न खाणारी. किरकोळ त्यांनी निस्तरावं, अवघड तेवढं तुझ्याकडे यावं. जावयानं ते चक्क ऐकलं. सहा लाख पुरुषांमागे या हिशेबानं ७८,६०० अधिकारी लागतात, असा आकडाही तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी काढून ठेवलाय. सल्ला देऊन इथ्रो आपल्या गावी परतले. फार शहाणा सासरा.

गंमत पुढेच आहे. बऱ्याच वर्षांनी, तोराच्या पाचव्या पुस्तकात, मोशे हीच हकिकत लोकांना ऐकवतो, आणि तिच्यात सासरेबुवा औषधालाही नाहीत! मला एकट्याला तुमचा भार झेपेना, म्हणून मीच तुम्हाला माणसं निवडायला सांगितली, असा सगळा सूर.

तसं पाहिलं तर हे पुढारपणाचं काम त्यानं मागून घेतलेलं नव्हतं. जळत्या झुडपापाशी देवानं बोलावलं, तेव्हा सबबींवर सबबी सांगून झाल्या. मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड आहे. शेवटी तर सरळ, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव चिडला, आणि बोलायला म्हणून त्याचा तीन वर्षांनी थोरला भाऊ अहरोन त्याच्या जोडीला दिला. ज्याला काम आधी नको असतं, तोच पुढे ते कुणाच्या हाती देत नाही, हे तर मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपासून पाहत आलोय.

बरं, सोपवून पाहिलंच नाही असंही नाही. सीनाय पर्वतावर चाळीस दिवस जायचं होतं, तर मागे अहरोन आणि हूर यांना नेमून गेला. परत येतो तो खाली सोन्याचं वासरू आणि त्याच्याभोवती नाच! भावाला जाब विचारला. अहरोन म्हणाला, लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं, आणि हे वासरू बाहेर आलं. आपोआप! असला खुलासा ऐकल्यावर पुन्हा कुणावर काही सोपवायची छाती कुणाला होईल?

पण सगळं स्वतः करणाराच सगळ्यात जास्त कुरकुरतो. वाळवंटात देव रोज पुरवत असलेला मान्ना खाऊन लोक कंटाळले, इजिप्तमधले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून तंबूंच्या दारांत रडायला लागले. तेव्हा मोशेनं देवाला सुनावलं की या लोकांना मी पोटात वाढवलं का, मी का यांना तान्ह्या पोरासारखं कडेवर वागवायचं? त्यापेक्षा मारून टाक मला. दिवसभर कुणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देणारी माउली रात्री 'या घरात सगळं मलाच बघावं लागतं' म्हणते, त्यातलाच हा प्रकार.

देवानं सत्तर वडीलधारे मदतीला दिले. त्यात एलदाद आणि मेदाद हे दोघे छावणीतच राहून परस्पर देवाचे संदेश सांगायला लागले. मोशेचा तरुण मदतनीस यहोशवा रागानं म्हणाला, थांबवा त्यांना! मोशेनं उलट त्यालाच विचारलं, माझ्यासाठी तुला कशाला मत्सर? सगळीच प्रजा संदेष्टी झाली तर किती बरं! इथे हा माणूस मला फार आवडतो. खुर्चीचा लोभ त्याला कधीच नव्हता. आपण हात काढला की घात होईल, एवढीच धास्ती.

मरण जवळ आलं, तेव्हा मात्र वारस नेमून दे, असं त्यानंच देवाला विनवलं. देव म्हणाला, यहोशवावर हात ठेव. यानं दोन्ही ठेवले. आणि मग सूचना सुरू झाल्या! पाचवं पुस्तक बहुतेक सगळं मोशेची भाषणंच आहेत. जीभ जड असलेल्या माणसाची.

एकशेविसाव्या वर्षी तो नबो डोंगरावर गेला. तोराच्या अखेरच्या आठ वचनांत त्याच्या मृत्यूची हकिकत येते. ती लिहिली कुणी, यावर तालमूदमध्ये वाद आहे. एक मत म्हणतं, यहोशवानं. दुसरं म्हणतं, देव सांगत गेला आणि मोशे रडत रडत स्वतःच लिहीत गेला. मला दुसरं पटतं. एवढं महत्त्वाचं लिखाण तो यहोशवावर सोडून जाणं शक्य नाही.