पवईचे दगड अल्लीपूरला पाठवा

मुंबईत पवई तलावाकाठी सुमारे १० किलोमीटरचा सायकल ट्रॅक होणार होता. महापालिकेने तारेच्या जाळ्यांत दगड भरून काठावर रचायला सुरुवातही केली. पाणी दगडांतून झिरपते, तेव्हा पर्यावरणाला धक्का नाही, असा खुलासा होता. उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी हे काम पाणथळ जागांच्या नियमांविरुद्ध ठरवले आणि टाकलेले सगळे उचलून जागा पूर्ववत करायला सांगितले. तलावात मगरी आहेत. त्यांची हरकत कोणी मागवली नव्हती, तरी निकाल त्यांच्याच बाजूने लागला.

आमची नम्र मागणी एवढीच, की ते उचललेले दगड आमच्या अल्लीपूर गावाला पाठवावेत. आमच्या नाल्याकाठच्या पांदणीत मगरी नाहीत, फक्त म्हशी आहेत, आणि म्हशी याचिका करत नाहीत.

पांदणीवरून सायकल चालते, पण होळीपासून मृगापर्यंतच. पुढे काळी माती जागी होते. चाक आणि मडगार्डच्या मधे ती अशी ठासून बसते की दहा पावलांवर उतरून काडीने खरवडावे लागते. शेवटी शेतकरी सायकल खांद्यावर घेऊन वावरात पोचतो. शहरातले लोक व्यायामासाठी पैसे मोजतात. इथे सायकल स्वतःच माणसावर बसून तो फुकटात करून घेते.

पांदणीचा अर्ज वर्षानुवर्षे फायलीत झोपतो. पिकाला पोचायला वाट हवी, या कारणात साहेबांना काही नवल वाटत नाही. म्हणून यंदा मजकूर बदलावा: ‘यशोदा खोरे हरित सायकल मार्ग’. सोबत नकाशा जोडावा, त्यात हेल्मेट घातलेली दोन माणसे, एक बगळा आणि सूर्योदय. पऱ्हाटी दाखवू नये. खालच्या कोपऱ्यात सेल्फी पॉइंट टाकला तर भूमिपूजनाला पाहुणेही मिळतील. गाव हागणदारीमुक्त आहे, तेव्हा पहाटे नाल्याकाठी डबा घेऊन कोण जातो हे अहवालात विचारण्याचे कारण नाही. ते सगळे प्रभातफेरीचे सदस्य समजावेत.

हा मसुदा पारावर वाचून दाखवला. एका काकाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“भाऊ, याच्यावरून आपली बंडी जाईन का? सोयाबीनची पोती आनाची हायेत.”

“नाही काकाजी. तिथं पाटी राहील, फक्त सायकलसाठी.”

“मंग बंडीले हँडल लावून घेऊ.”